पार्ल्यातल्या हॉलमधले चित्रपट आणि अभिप्रायाच्या चिठ्ठ्या : कामाच्या नोंदी

१ जून २०२४, शनिवार

विलेपार्ले पूर्वेला आमच्या सोसायटीचा तळमजल्यावर एक हॉल आहे. बारशी, केळवणे, वार्षिक सर्वसाधारण सभा आणि गणपतीचे दिवस सोडले, तर त्याला कुलूप असते. अधूनमधून एखाद्या शनिवारी तेथे चित्रपट दाखवावा आणि पाहणाऱ्यांनी त्यावर आपापली मते मांडावीत, या प्रस्तावाला समितीने आज मान्यता दिली. लोक ज्याला कलात्मक म्हणतात तो एक, एक भयपट आणि एक सरळसरळ गल्लाभरू, असे तीन चित्रपट आधी घ्यायचे ठरले. मुंबईत प्रभात चित्र मंडळासारखी संस्था १९६८पासून हे काम करत असताना तुमचा वेगळा खटाटोप कशाला, असे एका सभासदाने विचारले आणि ते रास्तच होते. मात्र आमच्याकडचे ज्येष्ठ नागरिक रात्री बाहेर पडत नाहीत आणि दहावी-बारावीची मुले चित्रपट फोनवर तुकड्या-तुकड्यांनी पाहतात. या दोघांना एकाच अंधारात बसवून नंतर बोलते करणे एवढाच आमचा उद्देश आहे. दुसऱ्या एखाद्या सोसायटीला किंवा वाचनालयाला हेच करावेसे वाटले, तर आमचा गेलेला वेळ आणि पैसा त्यांचा वाचावा म्हणून या नोंदी ठेवत आहे.

पहिली अडचण हक्कांची आली. घरची ओटीटी वर्गणी वैयक्तिक वापरापुरती असते, ती हॉलमध्ये चालत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलकाकांनी १९५७चा कॉपीराइट कायदा काढून दाखवला. चित्रपटाचा हक्क तो प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, त्यामुळे यंदा १९६३पर्यंतचे चित्रपट मोकळे झालेले आहेत. गीत-संगीताचे हक्क मात्र वेगळे मोजले जातात आणि नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतींवर कोणाचा दावा असू शकतो, हेही त्यांनी बजावले. म्हणून तिकीट लावायचे नाही, बाहेर फलक लावायचा नाही, पाहुणे बोलवायचे नाहीत, असा ठराव इतिवृत्तात नोंदवून घेतला. निवड अशी झाली: भयपट म्हणून ‘महल’ (१९४९), कलात्मक म्हणून ‘पथेर पांचाली’ (१९५५) आणि गल्लाभरू म्हणून ‘सांगत्ये ऐका’ (१९५९).

९ जून, रविवार

चाचणी. लॅमिंग्टन रोडवरून ३००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचे माप) प्रोजेक्टर दिवसाला १,५०० रुपये भाड्याने आणला. रात्री भारत-पाकिस्तान सामना असल्यामुळे मदतीला कोणी फिरकले नाही, आणि एकंदरीत जे घडले ते पाहता ते बरेच झाले.

पडदा म्हणून ७०० रुपयांचे पांढरे सुती कापड दुहेरी करून ताणले होते. प्रकाश त्यातून आरपार गेला, मागच्या भिंतीवर दुसरे चित्र उमटले आणि पुढचे फिकट पडले. कापड वाया गेले. शेवटी आठ बाय सहा फुटांचा मॅट पांढरा पडदा ३,८०० रुपयांना घेतला. विक्रेता रुंद पडदा गळ्यात मारत होता, पण आम्ही निवडलेले तिन्ही चित्रपट जुन्या, चौकोनाकडे झुकणाऱ्या चौकटीत आहेत आणि आठ बाय सहा हे प्रमाण त्यांना जवळजवळ नेमके बसते.

तरीही पहिले चित्र आले तेव्हा ‘महल’मधले अशोककुमार जाडजूड दिसत होते. प्रोजेक्टरने चौकट आपोआप ताणून रुंद केली होती. मेन्यूतील ‘आस्पेक्ट’ या पर्यायात ४:३ निवडल्यावर माणसे माणसांच्या आकाराची झाली. हे काम प्रत्येक वेळी हाताने करावे लागते, कारण भाड्याचा प्रोजेक्टर दर खेपेला वेगळा येतो.

दुसरा घोळ प्रोजेक्टरच्या उंचीचा. तो खाली स्टुलावर ठेवून भिंग वर केले की चित्र समलंब होते, आणि ते प्रोजेक्टरमधल्या ‘कीस्टोन’ या सोयीने सरळ केले की कडा व अक्षरे मऊ पडतात. दोन टेबले एकावर एक रचून भिंग पडद्याच्या मध्याच्या उंचीला आणल्यावर कीस्टोन शून्यावर ठेवता आले. ही टेबले खुर्च्यांच्या मधोमध येतात आणि त्यांच्या मागच्या दोन-तीन जागा फुकट जातात. त्याला इलाज नाही.

१५ जून, शनिवार

दिवसभर अंधाराचे काम. संध्याकाळी सातलाही जूनमध्ये उजेड असतो आणि नंतर रस्त्यावरचा दिवा थेट हॉलमध्ये येतो. मंगलदास मार्केटमधून वीस मीटर ब्लॅकआउट कापड ४,४०० रुपयांना आणले आणि शिंप्याला शिवणावळ ९०० रुपये दिली. पंखे सुरू होताच पडदे फडफडून कडेने उजेडाच्या रेघा येऊ लागल्या, म्हणून चौकटीला वेलक्रो लावला. खिडक्या बंद केल्यावर हॉल तापतो. पंखे पूर्ण वेगाने ठेवले तर संवाद बुडतात, त्यामुळे दोनवर ठेवून लोकांनी घाम सोसावा असे ठरले. यावर समितीत जितकी चर्चा झाली तितकी चित्रपटांच्या निवडीवर झाली नव्हती.

आवाजासाठी आमच्या गणपती मंडळाचे दोन खांबी स्पीकर मिळाले. ते मिरवणुकीत लांबवर पोहोचण्यासाठी आहेत; त्यांवर बोलणे म्हणजे नुसती घुमघुम ऐकू येते. बास जवळजवळ पूर्ण उतरवला, स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवले, मोझेकच्या फरशीवर सतरंज्या अंथरल्या आणि मागच्या उघड्या भिंतीवर जुनी जाजमे टांगली. प्रतिध्वनी बराच कमी झाला. लॅपटॉपवरून ब्लूटूथने आवाज पाठवण्याचा बेत मात्र सोडावा लागला, कारण ओठ आधी हलत आणि शब्द मागून येत. लॅपटॉपवर चित्रपट चालवणाऱ्या व्हीएलसी या प्रणालीत ‘जे’ आणि ‘के’ या कळांनी आवाज मागेपुढे करता येतो, पण २५० रुपयांची साधी वायर आणल्यावर तो प्रश्नच उरला नाही. एचडीएमआयची दहा मीटरची वायर ८५० रुपयांना पडली.

डोक्यावरून जाणाऱ्या विमानांच्या आवाजाचे काय करायचे ते कोणालाच सुचलेले नाही.

२२ जून, शनिवार

‘महल’. हॉल बऱ्यापैकी भरला. पाऊस होता, वीज गेली नाही.

हा चित्रपट आवाजाच्या अंतरावर उभा आहे. ‘आएगा आनेवाला’च्या सुरुवातीच्या ओळी दुरून येतात आणि हळूहळू जवळ येतात. तो परिणाम साधण्यासाठी मायक्रोफोनपासून लांबून गात चालत यावे लागले होते, अशी आठवण लता मंगेशकर यांनी सांगितलेली आहे. आमच्या हॉलमध्ये त्या हलक्या ओळी सुरू होताच दुसऱ्या रांगेतून “आवाज वाढवा” अशी मागणी झाली, कोणीतरी तत्परतेने वाढवला, मुख्य गाणे सुरू झाल्यावर तो असह्य झाला म्हणून पुन्हा कमी केला, आणि जवळ येणारा आवाज आमच्याकडे दूर गेला. यापुढे आवाजाला हात फक्त एकच माणूस लावेल आणि आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या प्रसंगावरून आधीच ठरवली जाईल.

मध्यंतर दिले, हेही चुकले. चहा आणि बटाटेवड्यांवर वीस मिनिटे गेली, लोक मोठमोठ्याने बोलू लागले आणि उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा साठलेली भीती पार उतरलेली होती.

२३ जून, रविवार

अभिप्रायांचा पहिला प्रयोग पूर्ण फसला, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

काल चित्रपट संपताच दिवे लावून माइक फिरवला. बोलले तेच, जे वार्षिक सभेत बोलतात. एका काकांनी मधुबालेवर दहा मिनिटे घेतली. एका महाविद्यालयीन मुलाने “अहो, यात भूत कुठाय?” एवढेच विचारले आणि लोक हसले, त्यामुळे त्याच्या वयाचे बाकीचे गप्प झाले. वास्तविक सगळ्या संध्याकाळचा तोच सर्वांत चांगला प्रश्न होता. (ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी पुढचे वाक्य सोडावे.) त्यात भूत नाहीच, माळ्याची जिवंत मुलगी मृत कामिनीचे सोंग घेते आणि नायक त्या सोंगापायी आपले व दुसऱ्या एका स्त्रीचे आयुष्य उद्ध्वस्त करतो.

दारात ठेवलेल्या चिठ्ठ्यांवर पाचपैकी तारे द्यायचे होते. एका आजींनी गाण्यांसाठी पाच दिले, एका मुलाने एसी नाही म्हणून दोन दिले, आणि कोणीतरी कोरी चिठ्ठी टाकली. या आकड्यांची सरासरी काढून काहीही कळणार नव्हते, त्यामुळे ती काढली नाही. छपाईचे ३०० रुपये खर्च झाले होते; उरलेल्या चिठ्ठ्यांची मागची बाजू पुढे वापरू.

आज सकाळी दूध आणायला गेलो असता पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात थांबवून सांगितले, की त्यांना रात्रभर कामिनी नव्हे, तर नायकाची बायको आठवत राहिली. तिला त्या चित्रपटात कोणी काही विचारतच नाही. काल त्या माइकसमोर बसूनही अवाक्षर बोलल्या नव्हत्या. यावरून ठरवले, की अभिप्राय दुसऱ्या दिवशी घ्यायचे. वॉचमनच्या केबिनमध्ये जुनी पत्रपेटी आहे, ती रविवारी संध्याकाळपर्यंत उघडी ठेवायची.

६ जुलै, शनिवार

‘पथेर पांचाली’साठी मराठी उपशीर्षके तयार करत आहोत, कारण इंग्रजी उपशीर्षके वेगाने वाचणे आमच्या अर्ध्या प्रेक्षकांना जमत नाही. चौथ्या मजल्यावरच्या बंगाली काकू ऐकून सांगतात, मी मराठीत लिहितो आणि त्यांचा मुलगा वेळा बसवतो. मोकळ्या संध्याकाळी यातच गेल्या. ज्यांना करायचे असेल त्यांनी अडचणी आधीच पाहून ठेवाव्यात.

वेळांसाठी आधार म्हणून घेतलेली फाइल सेकंदाला २५ चौकटींच्या प्रतीवर बेतलेली होती आणि आमची प्रत २४ची होती. सुरुवात जुळते, मग शब्द हळूहळू पुढे पळतात आणि तासाभरात जवळपास अडीच मिनिटांचा फरक पडतो. आम्ही बराच काळ ‘जी’ आणि ‘एच’ कळांनी तो भरून काढत बसलो. सगळी फाइल एकदाच नव्या गतीने मोजून घेणे हा खरा उपाय आहे आणि उपशीर्षकांच्या कोणत्याही संपादन-प्रणालीत तो काही क्षणांत होतो.

फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात साठवली नाही, तर देवनागरीऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे उमटतात. ती साठवूनही जोडाक्षरे फुटत होती. व्हीएलसीतला फाँट बदलल्यावर ती जुळली. एका वेळी दोन ओळी आणि प्रत्येक ओळीत साधारण सहा-सात शब्द यांपेक्षा जास्त ठेवू नये. काकूंचा आग्रह प्रत्येक शब्द यावा असा होता. पुष्कळ वाद झाला. प्रेक्षकाने चेहरे पाहायचे की मजकूर, या प्रश्नावर त्या नमल्या, तरी चित्रपटातल्या म्हाताऱ्या इंदिर आजींच्या वाक्यांना हात लावू दिला नाही.

२१ जुलै, रविवार

काल ‘पथेर पांचाली’ झाला. मध्यंतर दिले नाही. आज पेटीतल्या चिठ्ठ्या वाचल्या.

या वेळी तारे काढून टाकून तीन प्रश्न दिले होते. कोणत्या प्रसंगी तुमचे लक्ष पडद्यावरून उडाले? जे आले नाहीत त्यांना कोणता प्रसंग सांगाल? काय ऐकू आले नाही किंवा वाचता आले नाही? शिवाय वर रांग क्रमांक लिहायचा होता. तिसरा प्रश्न मी निव्वळ तांत्रिक म्हणून घातला होता. सर्वांत उपयोगी तोच ठरला.

पुष्कळ चिठ्ठ्यांवर एकच शब्द होता : संथ. हा शब्द मला अपेक्षित होता आणि त्याचा थोडा रागही येतो, कारण कलात्मक चित्रपटाला तो न पाहताही देता येतो. परंतु रांगांप्रमाणे चिठ्ठ्या लावल्यावर दिसले, की हा शब्द बहुतेक मागच्या रांगांतून आला होता आणि त्याच लोकांनी तिसऱ्या प्रश्नासमोर ‘अक्षरे दिसली नाहीत’ असे लिहिले होते. लॅपटॉपवर ठसठशीत दिसणारी पांढरी अक्षरे पस्तीस फुटांवरून बारीक होत होती, आणि काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांवर किंवा उजळ आकाशावर तर ती पार विरघळत होती. ज्याला बोलणे कळत नाही त्याला कोणताही चित्रपट संथच वाटणार. त्यात चित्रपटाचा दोष किती, हे त्या चिठ्ठ्यांवरून सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट याहून गमतीची आहे. मुलगी दुर्गा मरण पावल्यानंतर तिचा बाप हरिहर घरी परततो, आणलेल्या वस्तू एकेक करून दाखवतो, मुलीसाठी आणलेली साडी बायको सर्वजयेच्या हातात देतो आणि ती कोसळते. त्या क्षणी सत्यजित राय यांनी तिच्या रडण्याचा आवाज काढून टाकला आहे आणि त्याच्या जागी तारशहनाई या गजाने वाजवायच्या तंतुवाद्याचा उंच, चिरत जाणारा सूर ठेवला आहे. संगीत रविशंकर यांचे. निरनिराळ्या रांगांतल्या काही चिठ्ठ्यांवर लिहिले होते, की नेमक्या मोठ्या प्रसंगी तुमचा स्पीकर बिघडला. ‘महल’च्या वेळी आवाजाचा गोंधळ झालेला असल्यामुळे लोकांनी दिग्दर्शकाचा निर्णय आमच्या खात्यावर टाकला. एका नववीच्या मुलीने मात्र लिहिले : “आई रडते ते ऐकू येत नाही. मला वाटलं, ते ऐकू आलं असतं तर मी खाली पाहिलं असतं.” आतापर्यंतच्या सर्व चिठ्ठ्यांमध्ये मला हीच सर्वांत मोलाची वाटते, आणि ती ‘चित्रपट आवडला का’ या प्रश्नाला मिळाली नसती.

२७ जुलै, शनिवार

मागच्या रांगांतल्यांसाठी आगगाडीच्या प्रसंगापासूनचा भाग पुन्हा दाखवला. अक्षरे दीडपट मोठी, फिकट पिवळी, काळ्या काठाची केली आणि खालच्या कडेपासून थोडी वर घेतली, म्हणजे पुढच्या डोक्यांआड जात नाहीत. भाड्याचे १,५०० रुपये पुन्हा गेले. काहींनी संथ हा शब्द मागे घेतला. काहींनी सगळे वाचता येऊनही तोच शब्द पुन्हा लिहिला. आता त्या शब्दाला वजन आहे आणि तो मी मान्य करतो. त्यांपैकी एकाने पाण्यावरच्या किड्यांची दृश्ये नेमकी नोंदवून, तेथे कथा थांबते आणि आपण पुढच्या घटनेची वाट पाहत बसतो, असे म्हटले आहे. मला तीच दृश्ये प्रिय आहेत. पण वाद घालायला निदान जागा तरी सापडली.

१० ऑगस्ट, शनिवार

‘सांगत्ये ऐका’. पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चाललेला तमाशापट, त्यामुळे हॉलमध्ये जाजमावरही बसायला जागा उरली नाही. मध्यंतर दिले. या जातीचे चित्रपट मध्यंतर धरूनच बांधलेले असतात आणि ते काढले तर लोक स्वतःच उठून जातात. तांत्रिक अडचण काही आली नाही.

चिठ्ठ्यांनी मात्र निराशा केली. ‘बुगडी माझी सांडली गं’ला सारा हॉल गात होता, आणि पेटीत आल्या त्या आठवणी : कोणी कोणाबरोबर पाहिला, तेव्हा तिकीट किती होते, वडिलांनी कसे मारले. वाचायला सुरेख आहेत. चित्रपटाविषयी त्यांत अक्षर नाही. लोकप्रिय चित्रपटाला प्रेम मिळते आणि तपासणी मिळत नाही, असे माझे मत होत चालले आहे. म्हणून दुसरा प्रश्न सुधारला : गाणे नसलेला एक प्रसंग सांगा. जुन्या लोकांना तोंडी विचारल्यावर तीन-चार जण थबकले आणि मग जयश्री गडकर, हंसा वाडकर यांच्या कामावर खरोखर बोलू लागले.

३१ ऑगस्ट, शनिवार

हॉल उद्यापासून गणपती मंडळाकडे. स्पीकरही परत गेले.

आतापर्यंतचा हिशेब : वाया गेलेले कापड ७००, पडदा ३,८००, ब्लॅकआउट कापड ४,४००, शिलाई ९००, दोन वायरी १,१००, छपाई ३००, प्रोजेक्टरचे भाडे ७,५००. एकूण १८,७०० रुपये. स्वखुशीने जमलेली रक्कम १४,००० आहे. उरलेले सांस्कृतिक निधीतून मिळाले. चहा-वड्यांचा खर्च यात नाही, तो ज्याचा त्याने केला.

२१ सप्टेंबर, शनिवार

हॉल अजून आवरलेला नाही, म्हणून प्रौढ मंडळी चित्रपटगृहात जाऊन ‘तुंबाड’ पाहून आली. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी आलेला हा चित्रपट तेव्हा फारसा चालला नव्हता. १३ सप्टेंबरला तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि या वेळी गर्दी आहे. विशेष म्हणजे २०१८मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाची सुरुवात याच चित्रपटाने झाली होती. म्हणजे भयपट, महोत्सवातला चित्रपट आणि आता गल्ला भरणारा, या तिन्ही खणांत तो बसतो किंवा एकाही खणात नीट बसत नाही.

आपला हॉल कोठे कमी पडतो ते येथे स्पष्ट कळले. पाऊस चहूबाजूंनी कोसळत होता, वाड्याच्या पोटातले आवाज पाठीमागून येत होते आणि शांततेला खरोखर तळ होता. आमच्या दोन खांबी स्पीकरांतून आणि दर काही मिनिटांनी डोक्यावरून जाणाऱ्या विमानांखाली यातले काहीही उरले नसते. हक्कांचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी अलीकडचे भयपट हॉलमध्ये आणायचे नाहीत असे ठरवले.

चिठ्ठ्या नेहमीप्रमाणे रविवारी घेऊ, पण परतताना उडप्याच्या हॉटेलात चर्चा आवरली नाही. वकीलकाकांचे म्हणणे पडले, की हा भयपट नसून लोभाचा चित्रपट आहे आणि त्यातला राक्षस हस्तर निमित्तापुरता आहे. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना त्यात भीती कमी आणि किळस जास्त वाटली. माझे मत असे, की राही अनिल बर्वे यांनी भीतीचे मुख्य काम राक्षसाकडे न देता पावसाकडे आणि ओलीकडे दिले आहे. हस्तर पूर्ण दिसू लागल्यानंतर माझी भीती उतरली, तर भिंतीला लागलेली ओल शेवटपर्यंत अस्वस्थ करत राहिली.

१९ ऑक्टोबर, शनिवार

‘मधुमती’ (१९५८). या वेळी सूचनाफलकावर चित्रपटाचा प्रकार लिहिलाच नाही. फक्त नाव, वर्ष, भाषा आणि वेळ. कोणीतरी खाली पेनाने ‘रोमँटिक’ असे लिहून ठेवले, ते तसेच राहू दिले.

आवाज आदल्या रात्रीच बसवून ठेवला होता, चौकट तपासली होती आणि रिमोट माझ्या खिशात होता. मध्यंतर दिले, पण दहाच मिनिटांचे आणि हॉलमध्ये दिवे मंद ठेवून. वडे बंद केल्याबद्दल तक्रार आली.

निवडीमागचे कारण चर्चेनंतर उघड केले. या चित्रपटाची कथा ऋत्विक घटक यांची आहे, ज्यांचे नाव एरवी कलात्मक चित्रपटांच्या यादीत अगदी वर असते. दिग्दर्शक बिमल रॉय यांनी नऊ वर्षांपूर्वी ‘महल’चे संकलन केले होते. संगीत सलिल चौधरी यांचे, आणि त्यातल्या ‘आजा रे परदेसी’साठी लता मंगेशकर यांना पार्श्वगायनाचा पहिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. वादळी रात्रीची हवेली, दार, तसबीर आणि ओळखीचा वाटणारा जिना, हा सारा सरंजाम दोन्ही चित्रपटांत आहे.

२० ऑक्टोबर, रविवार

आजच्या चिठ्ठ्या आतापर्यंतच्या सर्वांत भरलेल्या निघाल्या आणि त्यांत वाद आहे.

जूनमध्ये भूत कोठे आहे असे विचारणाऱ्या त्याच मुलाने या वेळी पाठपोट भरून लिहिले. त्याचा मुद्दा असा : ‘महल’मध्ये भूत नाही आणि त्याला सगळे भयपट म्हणतात, ‘मधुमती’त भूत खरे आहे आणि त्याला सगळे प्रेमकथा म्हणतात. शेवटी खलनायक उग्रनारायणासमोर उभी राहते ती मृत मधुमतीचे सोंग घेतलेली, तिच्यासारखीच दिसणारी माधवी असे आपण समजतो, मग माधवी धापा टाकत उशिरा येते, आणि आधी आलेली कोण होती ते कळते. त्या ठिकाणी आपल्या अंगावर काटा आला, ‘महल’मध्ये एकदाही आला नाही, असे तो लिहितो. एका आजोबांनी नेमके उलटे लिहिले आहे. भूत खरे निघाल्यावर सुटका होते, कारण मधुमती परत आली आणि न्याय झाला. ‘महल’मध्ये कोणीच परत येत नाही, माणसे जिवंतपणीच झपाटलेली आहेत आणि भीती तिथे आहे. या दोघांच्या चिठ्ठ्या, त्यांची परवानगी घेऊन, शेजारी शेजारी फलकावर लावल्या आहेत.

तिसऱ्या प्रश्नाला दोनच तक्रारी : उग्रनारायणाच्या एका संवादावरून विमान गेले, आणि मच्छर.

लक्ष कोठे उडाले या प्रश्नाला बहुतेकांनी जॉनी वॉकर यांचे प्रसंग लिहिले, तर मुलांनी नेमके तेच दुसऱ्या प्रश्नात लिहिले. विनोदासाठी घातलेले असे प्रसंग काढून टाकले तर चित्रपट अधिक चांगला होईल असे मलाही पूर्वी वाटे. काल हॉलमध्ये पाहिले, की त्या हसण्यानंतरची शांतता एरवीपेक्षा गडद होती. तरी ते प्रसंग लांबलेले आहेतच.

९ नोव्हेंबर, शनिवार

समितीसमोर दोन विषय ठेवले. पहिला चिठ्ठीचा : चार प्रश्नांची नवी चिठ्ठी मंजूर झाली. ‘गाणे नसलेला प्रसंग’ हा प्रश्न कायम, रांग क्रमांक कायम, नाव ऐच्छिक, आणि पेटी रविवारी रात्री नऊपर्यंत. चित्रपटानंतर माइक फिरवणे बंद. ज्यांना बोलायचे आहे त्यांनी पुढच्या शनिवारी गच्चीत जमावे, तेथे फलकावरच्या चिठ्ठ्या वाचून सुरुवात करायची आणि वयाने सर्वांत लहान व्यक्तीने आधी बोलायचे. शेवटच्या अटीवर मधुबालावाल्या काकांनी नापसंती नोंदवली आहे.

दुसरा विषय प्रोजेक्टर विकत घेण्याचा. ऑक्टोबरचे धरून भाड्यापोटी ९,००० रुपये गेले आहेत आणि तेवढ्यात आणखी भर घालून जुना प्रोजेक्टर येतो, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. मी विरोधात मत दिले. दिव्याचे उरलेले तास विक्रेता सांगेल तेवढेच धरावे लागतात, पावसाळ्यात तळमजल्यावर भिंगाला बुरशी लागते, आणि सोसायटीची वस्तू झाली की ती क्रिकेटसाठी, वाढदिवसांसाठी आणि शेवटी कोणाच्या तरी घरी जाते. त्याऐवजी दोन साधे, बोलणे स्वच्छ ऐकू येणारे स्पीकर आणि खिडक्यांना जाळ्या घ्याव्यात, असा प्रस्ताव ठेवला. जाळ्या मंजूर झाल्या. स्पीकरांचे दर मागवायचे आहेत.